तुम्ही बसा, तो येईलच

चित्रपट संपला, दिवे लागले आणि शेजारी बसलेल्या मित्राने आळस देत विचारले, "अरे, त्यात घाबरण्यासारखं काय होतं?" प्रश्न सरळ होता आणि त्याच्या जागी बरोबरही होता. भयपट म्हणून ज्याची जाहिरात झाली होती त्या दोन तासांत एकही भूत नव्हते, रक्ताचा थेंब नव्हता, कोणी मेलेही नव्हते. काहीतरी बोलायचे म्हणून मी "साउंड चांगला होता" असे म्हणालो आणि उठण्यासाठी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, तेव्हा लक्षात आले की उजव्या हाताची बोटे आखडली आहेत. मधल्या एका प्रसंगापासून, म्हणजे जवळजवळ तासभर, मी खुर्चीचा तो हात घट्ट आवळून बसलो होतो. परतताना मित्र दिग्दर्शकाच्या आधीच्या चित्रपटांविषयी बरेच काही सांगत राहिला आणि मी हुंकार भरत राहिलो. "साउंड चांगला होता" हे माझे वाक्य मात्र पुढे कित्येक दिवस मला टोचत होते. ते खोटे नव्हते. आवाजाचे काम खरोखरच चांगले होते. पण एखाद्याने घरी काय झाले असे विचारावे आणि आपण हवामानाविषयी बोलावे, तसे ते झाले होते.

तो प्रसंग असा. नवरा संध्याकाळी घरी येतो. बायको दार उघडते, त्याच्याकडे पाहून हसते, बाजूला होते आणि त्याला बसायला खुर्ची देते. त्याचीच खुर्ची. मग पाण्याचा पेला आणून त्याच्या हातात देते आणि विचारते, घर सापडायला त्रास तर झाला नाही ना. बस, एवढेच. पार्श्वसंगीत नाही, कोपऱ्यात सावली हलत नाही, कॅमेरा तिच्या खांद्यामागे टेकून बसल्यासारखा स्थिर असतो. नवरा आधी थट्टा समजून हसतो. मग हसू ओठांवर तसेच राहते आणि डोळ्यांतून निघून जाते. प्रेक्षागृहात कोणीतरी फिसकन हसले. माझा मित्रही हसला असावा, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही, कारण तो संवाद विनोदी प्रहसनात जसाच्या तसा खपला असता. मी मात्र त्या बाईच्या आवाजातली अदब ऐकत होतो. चित्रपटाची भाषा परकी होती, खाली उपशीर्षके येत होती, आणि त्या भाषेत आपल्यासारखा 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद नसल्यामुळे तो बदल अभिनेत्रीला केवळ सुरातून दाखवावा लागला होता. तिने तो दाखवला. एका वाक्यात तिने नवऱ्याला 'तुम्ही' करून टाकले.

माझ्या आईने मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटले, त्या गोष्टीला आता सहा वर्षे झाली.

मराठीत भीतीला शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या बदली वापरता येत नाहीत. दचकणे हे अंगाचे काम आहे. कानाशी फुगा फोडला तर शूर आणि भित्रा दोघेही सारखेच दचकतात. चित्रपटवाल्यांना ही गुरुकिल्ली फार लवकर सापडली. १९४२ सालच्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागे कोणीतरी आहे असे वाटते आहे, ताण वाढत जातो, आणि अचानक फिस्कारल्यासारखा आवाज करत पडद्याच्या कडेतून एक बस येऊन थांबते. प्रेक्षक उडतो आणि लगेच हसतो. त्या युक्तीला पुढे या धंद्यात 'बस' हेच नाव पडले. दचकल्यावर माणूस शेजाऱ्याकडे पाहतो, हे मला नेहमी गमतीचे वाटत आले आहे. तू पण ना, असे जणू एकमेकांना विचारून घेतो आणि हलका होतो. धास्ती मात्र अशी वाटून घेता येत नाही. तिला आवाज लागत नाही, कारणही लागत नाही, ती मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी घरात वावरत असते. आणि धसका तर आपण 'घेतो'. तिने धसका घेतला, असेच आपण म्हणतो. त्या क्रियापदात माझ्या मते बरेच काही आहे. कोणी बळेच दिलेले नसते, समोर पडलेल्या पुष्कळ गोष्टींतून आपणच एक उचललेली असते. मानसशास्त्रीय भयपट म्हणतात तो या दोन शब्दांच्या मुलखातला आहे. तो पडद्यावर काही मांडून ठेवतो आणि गप्प बसतो. ज्याच्याजवळ ते ठेवायला आधीपासून जागा आहे, तो घेतो. बाकीच्यांना मधला भाग संथ वाटतो.

आई शेवटची दोन वर्षे माझ्याकडे होती. विसरण्याला आम्ही तोपर्यंत सरावलो होतो. नावे, वार, औषध घेतले की नाही, हे सगळे हळूहळू गळत गेले होते, पण गळताना निदान दिसत होते. त्या दिवशी मी बाहेरून आलो आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ती खिडकीपाशी बसून शालीचा काठ दोन बोटांत धरून त्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. तिने वर पाहिले. तिचा चेहरा ओळखीच्या माणसाला पाहून होतो तसा झाला, आणि तेवढ्यात कुठेतरी काही निसटले. तिने शाल सावरली, जरा ताठ बसली आणि म्हणाली, "तुम्ही बसा. तो येईलच आता." मी म्हणालो, "अगं आई, मीच आहे." लहान मुलाने न जमणारी थाप मारल्यावर मोठी माणसे हसतात तशी ती हसली. "दिसता खरे त्याच्यासारखे," ती म्हणाली. "अगदी त्याच्यासारखे." मग बराच वेळ ती मला माझ्याविषयी सांगत राहिली. मी लहानपणी झोपेत चालत असे, कोपरावर जखमेचा व्रण आहे, राग पटकन येतो पण मनात काही ठेवत नाही. शेवटचे वाक्य तिने आयुष्यात कधी माझ्या तोंडावर म्हटले नव्हते. ती मला विसरली असती तर मी रडलो असतो. त्याची तयारी मी मनाशी करून ठेवली होती. इथे तिला मी पूर्णच्या पूर्ण आठवत होतो. फक्त समोर उभा असलेला माणूस तो नव्हता.

याला नाव आहे, हे नंतर कळले. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९२३ साली आपल्या सहकाऱ्यासह एका बाईची हकिकत नोंदवली होती. आपल्या नवऱ्याला आणि मुलांना नेऊन त्यांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी माणसे आणून ठेवली आहेत, असा तिचा ठाम समज होता. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांतही हा भ्रम दिसतो. त्याची उपपत्ती वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ ते पान मिटवू शकलो नाही. चेहरा ओळखण्याची मेंदूतली वाट शाबूत असते, पण ओळखीसरशी मनात जी ऊब उमटते ती उमटत नाही. अशा रुग्णांना ओळखीचे आणि अनोळखी चेहरे दाखवून त्यांच्या त्वचेत होणारे सूक्ष्म विद्युत बदल मोजले, तेव्हा दोन्हींना मिळणारा प्रतिसाद सारखाच आढळला. म्हणजे दिसतो तो तसाच, पण आतून काहीच हलत नाही. मग मन हिशेब जुळवते की हा तो नव्हेच. तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. उलट, आपण आपल्या माणसाला डोळ्यांनी ओळखतो या समजुतीतच खोट आहे, असे तेव्हापासून मला वाटू लागले आहे.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१९ मध्ये या प्रकारच्या भीतीवर एक निबंध लिहिला. त्यासाठी त्याने जो जर्मन शब्द घेतला, 'उनहाइमलिश', म्हणजे ओळखीचे असूनही परके, भयावह वाटणारे, त्याच्या पोटात 'घर' आहे. गंमत अशी की त्यातला 'हाइमलिश' हा शब्द घरगुती, आपुलकीचा अशा अर्थी चालतो आणि लपवलेला, गुप्त अशाही अर्थी चालतो. शब्दकोश उलटसुलट चाळून फ्रॉइड अशा जागी पोचतो, जिथे दोन विरुद्ध अर्थ एकमेकांत मिसळून जातात. मला त्या निबंधातली सिद्धांताची बाजू सगळी पटत नाही. लहानपणीच्या दडपलेल्या इच्छांवर तो प्रत्येक गोष्टीचे बिल फाडतो. पण एका तळटीपेत त्याने स्वतःचा अनुभव सांगितला आहे, तो मात्र विसरता येत नाही. रेल्वेच्या शयनडब्यात तो एकटा बसला होता. गाडीला हिसका बसला, शेजारच्या प्रसाधनकक्षाचे दार उघडले आणि घरगुती झगा आणि प्रवासी टोपी घातलेला एक वयस्कर गृहस्थ आत येताना दिसला. चुकून आपल्या डब्यात शिरला असावा, म्हणून त्याला समजवायला फ्रॉइड उठला आणि पाहतो तर उघड्या दाराच्या आरशात तो स्वतःच होता. तो गृहस्थ आपल्याला मुळीच आवडला नव्हता, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

मला त्या नावडण्याविषयी सांगायचे आहे.

पहिले काही महिने मी आईला पुरावे देत असे. जुने फोटो काढले, ओळखपत्र दाखवले, शर्टाची बाही वर करून कोपरावरचा व्रण दाखवला. तो व्रण तिने बोटाने चाचपून पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की किती बारकाईने केले आहे हे सगळे. खोट्या माणसाजवळच पुरावे जास्त असतात, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. एका रात्री ती अंथरुणात उठून बसली होती आणि त्याला बोलवा, त्याला बोलवा, असे म्हणत होती. मी दोन रात्री झोपलो नव्हतो. मी तिचे मनगट धरले आणि ओरडलो, "आई, पुरे! मीच आहे!" ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. हात सोडवून घेण्याचा प्रयत्नसुद्धा तिने केला नाही. अगदी बारीक आवाजात, मला दुखवू नये अशा बेताने, तिने विचारले, "तुम्ही त्याचं काय केलंत?"

हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, आणि त्याचे कारण लाज एवढेच नाही. माझ्या आठवणीत त्या रात्रीचे चित्र नेहमी माझ्या बाजूने येत असे. थकलेला मुलगा, आजारी आई, पिवळा दिवा. त्या चित्रात दयेला पात्र मी होतो. त्या चित्रपटाने काय केले असेल तर जागा बदलली. खुर्चीच्या त्या प्रसंगात कॅमेरा बाईच्या मागे बसतो आणि उठतच नाही. सुरुवातीला आपण नवऱ्याच्या बाजूने असतो. बिचारा, किती सोसतो आहे, असे वाटत असते. मिनिटभर जाते. चौकट हलत नाही, त्याच्या डोक्याच्या वर नुसती रिकामी भिंत आहे, आणि दुसरे काही पाहण्याजोगे नसल्यामुळे आपण त्याचा चेहरा पाहत राहतो. आणि मग, अभिनेत्याने काहीच केलेले नसताना, तो चेहरा परका वाटू लागतो. समजूत घालणारे त्याचे हसू जरा जास्त वेळ टिकते आहे. शब्द मवाळ आहेत, पण तो दाराच्या आणि तिच्या मधोमध बसला आहे. एकच शब्द पुन्हापुन्हा म्हटला की त्याचा अर्थ गळून नुसता आवाज उरतो, तसे काहीसे त्या चेहऱ्याचे झाले. त्या मिनिटात मी पहिल्यांदा आईच्या अंथरुणातून माझ्याकडे पाहिले. मनगट धरून ओरडणारा, माझ्या मुलाचे कपडे घातलेला, एक पुरुष. खुर्चीचा हात मी बहुधा तेव्हाच आवळला.

या सगळ्यावर मी काही दिवस स्वतःशी वाद घातला, आणि त्या वादात एक जुना, कडक परीक्षक मधे आला. रसशास्त्राचा जुना काश्मिरी पंडित अभिनवगुप्त याने भयानक रसाचे उदाहरण म्हणून शाकुंतलातले हरीण घेतले आहे. रथ मागे लागला आहे, मान वळवून वळवून ते मागे पाहते आहे, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत. प्रेक्षकाला तिथे जी भीती जाणवते ती, त्याच्या मते, 'मी भ्यालो', 'हा भ्याला', हा शत्रू, हा मित्र, हा तिऱ्हाईत, असल्या सगळ्या जाणिवांपासून सुटलेली असते. ती कोणाचीच नसते आणि म्हणून आस्वाद्य होते. रसाच्या आड येणारी जी विघ्ने त्याने मोजली आहेत त्यांत एक आहे, आपल्याच सुखदुःखात प्रेक्षकाने बुडून जाणे. गायनवादन, सजवलेला रंगमंडप हे सारे त्यावरचे उपाय. त्या कसोटीला लावले तर खरा सहृदय, म्हणजे रस घेऊ जाणणारा प्रेक्षक, माझा मित्र ठरतो. त्याने चौकट पाहिली, अभिनय पाहिला, संथपणाला नावे ठेवली, हसण्याच्या जागी हसला. मला हरीण दिसलेच नाही. माझ्या घरातलीच रात्र दिसली. चित्रपट चांगला होता की सामान्य, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ज्याला इतके हलवून सोडले त्याला हे सांगता येऊ नये, ही कलेच्या दृष्टीने फार भूषणाची गोष्ट नाही. 'मनाला भिडला' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण रसभंगाचेच कौतुक करत असतो की काय, अशी शंका मला येते.

तरीही अभिनवगुप्ताचे म्हणणे मी अर्धेच मान्य करतो, कारण त्या अंधारात माझ्या दुःखाचे काहीतरी झाले होते एवढे नक्की. मी प्रेक्षागृहात नेले ते दुःख 'माझे' होते; परत आणले ते पूर्णपणे माझे राहिले नव्हते. त्यात आईचा वाटा आला होता. भयपट पाहणे ही भीतीची रंगीत तालीम असते, असेही एक म्हणणे आहे. करोनाच्या साथीतली एक पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी जाणवल्याचे दिसले. असेल. पण माझ्या बाबतीत तालीम कसली, नाटक होऊन पडदा पडून गेला होता. मला त्यापेक्षा 'गॅसलाइट'ची गोष्ट जवळची वाटते. १९३८ सालचे नाटक, १९४४ साली त्यावर गाजलेला चित्रपट. घरातले दिवे मंद होतात असे बायको सांगते, आणि नवरा तिला पटवत राहतो की तो तिच्या मनाचा खेळ आहे. दिवे मंद होत असतात ते त्याच्याच करणीने. त्या नावावरून इंग्रजीत एक क्रियापद तयार झाले आणि २०२२ साली एका मोठ्या अमेरिकन शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. नाटकानंतर ८४ वर्षांनी! इतका काळ तो शब्द टिकला, कारण असंख्य माणसांनी कधी ना कधी आपल्या घरात दिवा मंद होताना पाहिला होता आणि त्यांना 'तुला भास होतात' एवढेच उत्तर मिळाले होते. पडद्यावर तो दिवा खरोखर मंद होतो आणि तो आपल्यालाही दिसतो. तिच्या बाजूने साक्ष द्यायला सगळे प्रेक्षागृह असते. ज्याला आयुष्यात एकही साक्षीदार मिळाला नाही, त्याला तो क्षण भीतीचा वाटेल की सुटकेचा, हे बाहेरून ठरवता येत नाही. माझ्या वाट्याला तशी सुटका येण्यासारखी नव्हती. साक्ष माझ्या विरुद्ध होती.

तो चित्रपट मी दुसऱ्यांदा घरी, एकट्याने पाहिला. खुर्चीचा प्रसंग आला आणि मी चक्क नवऱ्याच्या हातातला पेला पाहत बसलो. पेला तो आधी उजव्या हातात धरतो आणि पुढच्याच क्षणी तो डाव्या हातात आहे, जोडकामातली साधी चूक. मित्राला फोन करून ती सांगितली. तो खूश झाला. मग मी त्याला म्हणालो की त्या दिवशी तू विचारले होतेस त्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे, आणि त्याला आईचे सगळे सांगितले, मनगटासकट. त्याने मधे एकदाही तोंड उघडले नाही. शेवटी म्हणाला, "मी हसलो होतो रे तिथे." मी म्हणालो, "हसण्यासारखंच होतं ते." हे मी त्याची समजूत काढण्यासाठी म्हटले नाही.

एक गोष्ट मात्र त्यालाही सांगितली नाही. त्या रात्रीनंतर मी पुरावे देणे सोडले होते. त्याच महिन्यात एका संध्याकाळी आई पुन्हा शाल सावरून ताठ बसली आणि म्हणाली, "तुम्ही बसा. तो येईलच आता." मी "बरं" म्हणालो आणि पाहुणा बसतो तसा, पाठ न टेकता, समोरच्या खुर्चीत बसलो. उशीर होतो का त्याला रोज, असे मी विचारले. कधी कधी होतो, ती म्हणाली, काम फार असते. आम्ही दोघे दाराकडे पाहत राहिलो. बाहेर अंधार पडला, मी दिवा लावायला उठलो नाही. ती शालीची घडी घालत होती, उलगडत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग घडी घालणारी बोटे थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले.

"अंधारात काय बसलायस?" ती म्हणाली. "कधी आलास?"

"आत्ताच," मी म्हणालो.